भजनी मंडळात नव्याने जाणाऱ्यांसाठी: अभंग गावा कसा आणि त्याची प्रार्थना व्हावी कशी

वारकरी भजनाला जाऊन बसावे असे मनात असूनही ‘मला गाता येत नाही’ या एका कारणाने मागे राहणारे लोक पुष्कळ असतात. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. ज्यांना गाता येते, पण भजनात बसल्यावर सगळे लक्ष सुरांकडे आणि ऐकणाऱ्यांकडे लागून राहते आणि देवाशी बोलणे मात्र होत नाही, त्यांनाही यातला काही भाग उपयोगी पडेल. भजन ही प्रार्थनाच आहे, फक्त ती एकट्याने मनातल्या मनात करायची नसून दहा-वीस जणांनी मिळून, ठेक्यात आणि संतांच्या शब्दांत करायची असते. त्यामुळे तिची शिस्त गाण्याच्या क्लासपेक्षा निराळी आहे आणि ती तिच्या क्रमानेच अंगवळणी पाडलेली बरी.

हा क्रम तुकोबांनी स्वतःविषयी बोलताना सांगून ठेवला आहे. ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’ या आत्मचरित्रपर अभंगात ते म्हणतात की, आरंभी एकादशीला कीर्तन करू लागलो तेव्हा चित्त अभ्यासात नव्हते. मग संतांची काही वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. आणि ‘गाती पुढे त्यांचे धरावे ध्रुपद’ असे करत गेलो. आधी जाऊन बसणे, मग पाठांतर, मग पुढे गाणाऱ्याच्या मागून ध्रुपद, म्हणजे सगळ्यांनी फिरून फिरून म्हणायचे कडवे, धरणे, असा हा क्रम आहे. कवित्वाची स्फूर्ती त्याच अभंगात बरीच नंतर येते. दुसऱ्या एका अभंगात तर आपल्याला गाणे येत नाही, कंठ सुस्वर नाही, राग आणि त्याची वेळ कळत नाही, तरी चित्त तुझ्या पायी राहो, असे ते पांडुरंगाला सरळ सांगतात. गळ्याची अडचण घेऊन दारात उभे राहिलेल्याला याहून मोठा परवाना कोण देणार?

मंडळ निवडताना

भजन हा शब्द एकच असला तरी त्याखाली बरेच प्रकार येतात. संगीत भजनात पेटी, तबला किंवा पखवाज आणि तयारीचा मुख्य गायक असतो, आणि स्पर्धांमध्ये बहुधा हाच प्रकार ऐकायला मिळतो. कोकणात डबलबारी रंगते, तिथे दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना उत्तरे देतात. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे (१९०९–१९६८) खंजिरी भजन घरोघर पोहोचले. हे सगळे ऐकायला जरूर जावे. मात्र शिकण्याची सुरुवात चक्री भजनाने किंवा हरिपाठाने करावी, असे माझे मत आहे. चक्री भजनात प्रत्येक जण आळीपाळीने एकेक अभंग म्हणतो आणि बाकीचे मागे धरतात, त्यामुळे तिथे गायक आणि श्रोते अशी फाळणीच नसते.

विठ्ठल मंदिरांत एकादशीला भजन हमखास असते. रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणणारी मंडळेही अनेक ठिकाणी आहेत, आणि कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा चालतो. अखंड हरिनाम सप्ताह जवळपास असेल तर नवख्याला याहून चांगली संधी नाही, कारण काकडा, हरिपाठ, कीर्तन आणि जागर असा दिवसभराचा सगळा क्रम तिथे एकाच मांडवात पाहायला मिळतो. महिला मंडळांची भजने बहुधा दुपारी होतात आणि तिथे नव्याने आलेल्या बाईला हाताला धरून शेजारी बसवणारी एखादी काकू किंवा आजी असतेच असते.

निवडीची एकच कसोटी मी सुचवीन. अभंग चालू असताना मागे बसलेले सगळे तोंड उघडून म्हणत आहेत की पुढच्या एकाचे नुसते ऐकत आहेत, हे पाहावे. सगळे म्हणत असतील तर तिथे बसावे.

पहिले काही दिवस

आत गेल्यावर देवाला आणि वीणेकऱ्याला नमस्कार करून मागच्या बाजूला, शक्यतो एखाद्या जुन्या टाळकऱ्याच्या शेजारी बसावे. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. ती पहाऱ्याप्रमाणे एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि ज्याच्या गळ्यात वीणा असेल त्याला वयाचा विचार न करता नमस्कार केला जातो. सगळ्यांना ‘माऊली’ म्हणायचे. चालकाला बहुतेक ठिकाणी ‘बुवा’ किंवा ‘महाराज’ म्हणतात. टाळ, पखवाज यांना पाय लागू द्यायचा नाही आणि ती ओलांडायची नाहीत. तुळशीची माळ घातलेली नसली तरी भजनाला बसायला कोणी आडकाठी करत नाही.

या दिवसांत क्रम नीट पाहून घ्यावा. वारकरी भजनाचा प्रारंभ ‘जय जय राम कृष्ण हरी’ या गजराने होतो. त्यानंतर रूपाचा अभंग येतो. बहुधा तो ‘सुंदर ते ध्यान’ किंवा ‘रूप पाहता लोचनी’ असतो. मग प्रसंगाला आणि वेळेला धरून अभंग होतात, मध्ये गजर होतात, पुढे गौळण येते आणि शेवटी आरती व पसायदान होते. पसायदान म्हणजे ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटच्या ओव्या, आणि त्या होईपर्यंत उठून जाऊ नये. या क्रमाला अर्थ आहे. आधी नामाने मन गोळा करायचे, मग ज्याच्याशी बोलायचे त्याचे रूप डोळ्यांपुढे उभे करायचे, आणि मग सुखदुःख, करुणा, मागणे जे काही असेल ते त्याच्यापुढे मांडायचे. मागण्यापासून सुरुवात करण्याची आपली नेहमीची घाई इथे आपोआप मोडते.

टाळ

नवख्याच्या हातात पहिल्यांदा टाळ येतो. तो वाजवायला सोपा वाटतो, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त बिघाड त्याच्यानेच होतो. दोन्ही वाट्यांच्या दोऱ्या तर्जनीला एक वेढा देऊन अशा धराव्यात की वाटी बोटाखाली लोंबकळणार नाही आणि मुठीत दाबलीही जाणार नाही. डावी वाटी जवळजवळ स्थिर ठेवून उजवी तिच्यावर हलकेच पाडावी. दोन्ही वाट्या तोंडाला तोंड लावून तंतोतंत आदळल्या तर आत हवा कोंडते आणि ‘थप्प’ असा बसका आवाज येतो. कडेला कड किंचित सरकवून लागली की टाळ खणखणीत बोलतो. ठोका झाला की वाट्या लगेच सोडाव्यात.

भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. सुरुवातीला संथ लयीत मात्रेला एक ठोका, एवढेच करावे आणि कान पखवाजाच्या डाव्या अंगाकडे, म्हणजे धुमाकडे ठेवावा. त्या अंगाच्या पुडीवर, म्हणजे चामड्यावर, वादक भजनापूर्वी कणकेचा ओला गोळा थापतो, त्यामुळे तिचा नाद खोल आणि घुमणारा येतो आणि गर्दीतही तो वेगळा ओळखू येतो. अभंगाची लय चढू लागली की जुने टाळकरी दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत, जातात. त्या वेळी हात अडखळत असेल तर टाळ मांडीवर टेकवून नुसते तोंडाने म्हणावे. चुकीचा ठोका पखवाजवाल्याला आणि पुढे म्हणणाऱ्याला दोघांनाही खेचतो; न वाजवलेला ठोका कोणालाच अडवत नाही.

टाळ जोरात वाजवला म्हणजे भक्ती जास्त, असा एक समज काही मंडळांत दिसतो. शेजाऱ्याच्या तोंडातले शब्द आपल्याला ऐकू येत नसतील तर आपला टाळ मोठा झाला आहे, असे समजावे.

पाठांतर

वहीत किंवा मोबाईलवर पाहून भजन म्हणता येते, पण त्यात प्रार्थना होणे कठीण असते, कारण डोळे पुढची ओळ शोधत असतात आणि मन त्यांच्या मागे धावत असते. म्हणून थोडे, पण पक्के पाठ करावे. तुकोबांच्या शासकीय गाथेत ४,६०७ अभंग आहेत. त्या आकड्याने दबून जाण्याचे कारण नाही. रूपाचे दोन अभंग, करुणेचे दोन, एक गौळण, पसायदान आणि सावकाशीने हरिपाठ एवढे झाले तरी कुठल्याही मंडळात आपण परके राहत नाही. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग सत्तावीस, काही प्रतींत अठ्ठावीस आहेत. त्यात ‘हरि मुखे म्हणा, हरि मुखे म्हणा’ हे ध्रुपद पुन्हा पुन्हा येत असल्याने पहिल्या दिवसापासून सामील होता येते आणि बाकीचा हरिपाठ कानावरून जाता जाता बसत जातो.

पाठ करताना अभंगाचे माप समजून घेतले तर काम निम्मे होते. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ हे बोटांवर मोजून पाहावे: सहा, सहा, सहा, चार, आणि ‘विटेवरी’ला ‘कटावरी’चे यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि त्यांचे एकमेकांशी यमक असते, जसे ‘रूप पाहता लोचनी । सुख झाले वो साजणी’. (ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब इथे नाही, नुसती अक्षरे मोजायची.) एखादा शब्द विसरला तर हे माप आणि यमकच तो परत आणून देतात. मोठ्या अभंगात शेवटचा चरण चारच अक्षरांचा असल्याने तिथे जागा उरते. श्वास घ्यायचा तो तिथेच. नवखे लोक ही जागा मोकळी दिसली की पुढच्या ओळीवर उडी मारतात आणि मग धापा टाकत गातात.

शेवटच्या कडव्यातली नाममुद्राही पाठांतराचाच भाग आहे: ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’, ‘चोखा म्हणे’. ती गिळून टाकू नये किंवा घाईत उरकू नये. इतका वेळ आपण ज्यांच्या शब्दांत बोललो ते कोण, हे तिथे कळते.

ध्रुपद धरणे

आता मुख्य गोष्ट. गाथा उघडली तर पहिल्या कडव्यानंतर ‘१’ हा आकडा दिसतो, दुसऱ्यानंतर ‘ध्रु’ आणि मग पुढचे आकडे. ध्रुपद म्हणजे ते दुसरे कडवे. पुढे म्हणणारा एकेक कडवे म्हणत जातो आणि मागचे सगळे फिरून फिरून ध्रुपदावर येतात. रेडिओ आणि ध्वनिमुद्रिकांमुळे अलीकडे पहिलीच ओळ ध्रुपदासारखी घोळवण्याची सवय झाली आहे. तसे गाणे चूक आहे असे नाही, पण परंपरेच्या रीतीने ध्रुपद धरले तर काय होते, ते ‘कन्या सासुऱ्यासी जाये’ या तुकोबांच्या अभंगात पाहावे.

पहिल्या कडव्यात सासरी निघालेली मुलगी आहे. ती चालते आहे आणि मागे वळून पाहते आहे. पुढे आई चुकलेले, भांबावून इकडे तिकडे पाहणारे मूल येते. शेवटी पाण्याबाहेर पडलेली मासोळी येते आणि तिच्याबरोबर तळमळणारा तुका. ही सगळी चित्रे पुढे म्हणणाऱ्याकडे आहेत. मागच्यांच्या वाट्याला येते ते ध्रुपद: ‘तैसे झाले माझ्या जीवा । केव्हा भेटसी केशवा’. म्हणजे प्रत्येक चित्रानंतर ‘माझेही असेच झाले आहे, तू कधी भेटशील’ हे सगळ्यांनी मिळून विचारायचे आहे. ‘सुंदर ते ध्यान’मध्येही तसेच आहे. विटेवरचे रूप, कानांतली कुंडले, गळ्यातला कौस्तुभ हे वर्णन पुढचा करतो आणि ‘आवडे निरंतर तेचि रूप’ हा कौल मागचे देतात. सगळ्याच अभंगांत ही वाटणी इतकी नेमकी असते असे नाही, पण जिथे असते तिथे प्रार्थनेचा गाभा मागच्या रांगेत असतो. ज्याला आपण ‘नुसती साथ’ म्हणतो, तिथे बसून नवख्याने खंत करण्यासारखे काही नाही.

ध्रुपद धरताना तीन गोष्टी कराव्यात. पुढच्याचे कडवे संपेपर्यंत तोंड बंद ठेवून ते खरोखर ऐकावे, कारण ज्याला उत्तर द्यायचे ते आधी कानात जायला हवे. ध्रुपदाचा पहिला शब्द सगळ्यांबरोबर, समेचा, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेचा, अंदाज घेऊन उचलावा. अर्धी मात्रा आधी उचलून आपण जागे आहोत हे दाखवण्याची गरज नसते. आणि दर फेरीत आवाज वाढवत नेऊ नये. ‘केव्हा भेटसी’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारताना आणि सहाव्यांदा विचारताना मनात काय फरक पडतो इकडे लक्ष दिले की आवाज आपोआप बदलतो, तो बदलू द्यावा. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यावे. नाही आले तर ते आणण्याचा प्रयत्न मात्र करू नये. ओढूनताणून आणलेला गहिवर शेजारी बसलेल्याला लगेच कळतो.

पट्टी आणि चाल

वारकरी भजन उंच पट्टीत म्हणण्याची रीत आहे आणि जुन्या टाळकऱ्यांना ते पेलते. नवख्याने त्यांच्याशी बरोबरी करू नये. सूर आवाक्याबाहेर जातो असे वाटले तर खालच्या सप्तकात म्हणावे. सगळ्यांच्या आवाजात ते मिसळून जाते. घरी पेटीवर म्हणून पाहायचे तर पुरुषांनी काळी एकच्या आसपास आणि स्त्रियांनी काळी चारच्या आसपास सुरुवात करून, आपला गळा कुठे मोकळा राहतो ते बघावे.

चाल मंडळात चालते तीच शिकावी. मोबाईलवर एकाच अभंगाच्या पाच चाली ऐकून गेलात तर ऐन वेळी सहावीच तोंडातून निघते. चित्रपटगीतांच्या चालींवर अभंग बसवण्याची हौस अनेक मंडळांना असते आणि त्यावर वादही होतात. मला ती चाल नकोशी वाटते ती एवढ्याचसाठी की, अभंग म्हणताना मूळ गाण्याचे शब्द मनात वाजत राहतात आणि विठ्ठल बाजूला पडतो.

आपली पाळी येते तेव्हा

चक्री भजनात कधीतरी बुवा मान वळवून ‘माऊली, आता तुम्ही’ असे म्हणतातच. त्या दिवसासाठी एक छोटा, सगळ्यांना माहीत असलेला अभंग कायम तयार असावा, म्हणजे अडखळलात तरी मागचे उचलून धरतील. मंडळात सध्या कोणता विषय चालू आहे हेही पाहावे. रूपाचे अभंग चालू असताना मध्येच काल्याचा (गोपाळकाल्याचा) अभंग काढला तर कोणी रागावत नाही, पण लागलेला रंग उतरतो. सुरुवातीला एक ओळ ठेक्याशिवाय, संथ म्हणावी. त्यावरून पखवाजवाल्याला चाल आणि लय कळते आणि तो समेवर येऊन मिळतो. त्याची वाट पाहावी, त्याला ओढू नये. आलाप-ताना येत असल्या तरी पहिल्या वेळी घेऊ नयेत, आणि नंतर घेतल्या तरी ध्रुपद धरणाऱ्यांना शब्द स्पष्ट ऐकू येतील इतपतच घ्याव्यात.

मधले कडवे आठवले नाही तर ‘विठोबा रखुमाई’चा गजर धरावा. मागचे लगेच उचलतात आणि तेवढ्यात कडवे आठवते. नाहीच आठवले तर सरळ नाममुद्रेच्या कडव्यावर यावे. मुद्दामहून क्षमा मागत बसण्याची गरज नाही. अभंग संपला की टाळ डोक्याला लावून पुढच्याकडे पाळी द्यावी. आपल्यानंतरचा अभंग आपल्यापेक्षा कमी मनाने ऐकला जाण्याचा धोका त्या वेळी सर्वांत जास्त असतो, कारण मन अजून ‘कसे झाले?’ याच विचारात अडकलेले असते. लगेच त्याच्या ध्रुपदाला लागावे.

घरचा नेम

आठवड्यातून एकदा मंडळात बसून बाकीचे दिवस कोरडे गेले तर पाठांतर आणि भाव दोन्ही निसटतात. रोज ठरलेल्या वेळी एक अभंग, टाळ असेल तर टाळावर, नसेल तर मांडीवर बोटांनी ठेका धरून, पूर्ण म्हणावा. पहिल्यांदा अर्थाकडे लक्ष देऊन नुसता वाचावा, दुसऱ्यांदा चालीत म्हणावा आणि तिसऱ्यांदा फक्त ध्रुपद पाच-सात वेळा म्हणावे. एक अभंग महिनाभर बदलू नये. काही दिवस शब्द तोंडातून जातात आणि मन भलतीकडे असते. म्हणून अभंग बदलला तर नव्या चालीच्या कौतुकात चार दिवस जातात आणि पाचव्या दिवशी तीच गत होते. त्यापेक्षा अशा दिवशी लय निम्मी करून, प्रत्येक चरणानंतर थांबत तोच अभंग म्हणावा. जमल्यास घरातल्या कोणाला तरी ध्रुपद धरायला बसवावे; मग लहान मूल असले तरी चालते, किंबहुना मुलांना चार फेऱ्यांत ध्रुपद पाठ होते आणि आपली चाल चुकली की तीच पहिल्यांदा टोकतात.